चार नंबरचं कॉम्प्रेशन कमी, पण हवा कुठूनच गळत नाही: एका मॉडिफाय केलेल्या डिझेल ट्रकचं प्रकरण

ट्रक माझ्याकडे आला तेव्हा निकाल आधीच लागलेला होता. आधीच्या वर्कशॉपने कॉम्प्रेशन (पिस्टन वर येऊन हवा दाबतो तेव्हाचा दाब) बघून सांगितलं होतं की सगळ्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे, चार नंबरचं तर फारच, रिंगा (पिस्टनभोवतीच्या, हवा अडवणाऱ्या कड्या) गेल्यात, इंजिन पूर्ण खोला, बोअर करा म्हणजे सिलिंडर कापून मोठे करा, ओव्हरसाईज पिस्टन टाका. मालकाला ते पटत नव्हतं आणि त्याच्या न पटण्याला कारणं होती: गाडी ऑइल खात नव्हती, ऑइल टाकायचं झाकण काढलं तर वाफ किंवा फुसफुस नव्हती, आणि एकदा गरम झाली की ओढ जोरदार होती. रिंगा खरंच गेलेलं इंजिन असं वागत नाही.

इंजिन म्हणजे ६ सिलिंडर इनलाइन, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून फ्युएल), टर्बो, ५.९ लिटर. बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे साधारण ९८० सीसी, आणि कंपनीतून निघताना कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा, १७.२. पण हे इंजिन आता कंपनीतून निघालं तसं राहिलेलं नाही हेच सगळ्यात महत्त्वाचं. आधीच्या मालकांनी मोठा टर्बो, मोठ्या नोझलचे इंजेक्टर, जास्त फ्युएल आणि जास्त ॲडव्हान्स टायमिंगचा (फ्युएल लवकर सोडणारा) ट्यून, हेड बोल्टऐवजी स्टड, मूळपेक्षा अर्धा मिमी जास्त जाडीचं हेड गॅस्केट आणि वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) असं बरंच काही टाकलेलं. कनेक्टिंग रॉड मात्र ओरिजिनलच. नशिबाने गॅस्केट आणि कॅमचे कागद गाडीसोबत आले होते, ते नसते तर पुढचा हिशोब करता आला नसता.

तक्रार अशी: सकाळी थंड गाडीला सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, चालू झाली की मिनिटभर पांढरा धूर, आयडलला इंजिन एका लयीत हलतं, आणि गरम झालं की हे सगळं जवळजवळ गायब. स्कॅनरवर बघितलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चार नंबरला बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त फ्युएल देत होता, म्हणजे तो सिलिंडर ताकद कमी देतोय म्हणून आयडल सरळ ठेवायला तिथे भर टाकतोय. शिवाय आधी कोणीतरी चार नंबरचा इंजेक्टर बदललेलाही होता, सहातला तो एकच नवीन दिसत होता. तरी ही जादा फ्युएलची भर, म्हणजे करेक्शन, चार नंबरवरच. इंजेक्टर बदलूनही करेक्शन त्याच सिलिंडरवर राहिलं तर दोष बहुतेक इंजेक्टरमधे नसतो, सिलिंडरमधे असतो, हा पहिला धागा.

आता आधीच्या वर्कशॉपची रीडिंग बघा, पीएसआयमधे, एक ते सहा:

२७५, २७२, २६८, २३०, २५८, २५०.

हे आकडे मी मालकाकडून घेतले आणि सोबत हेही विचारून घेतलं की कसे काढले, कारण कॉम्प्रेशनचा आकडा कसा काढला हे माहीत नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, गेजचा होज लांब होता आणि त्याचा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) गेजच्या टोकाला होता, इंजेक्टरच्या जागी बसणाऱ्या ॲडॅप्टरमधे नव्हता. दुसरी, दोन बॅटऱ्यांपैकी एक थकलेली होती आणि टेस्ट करताना चार्जर लावलेला नव्हता. रीडिंगमधे ते दिसतंसुद्धा, चार नंबर बाजूला ठेवला तर आकडे एकपासून सहापर्यंत हळूहळू उतरत गेलेत, २७५ वरून २५० पर्यंत, आणि सिलिंडर टेस्ट केले होते त्याच क्रमाने. सिलिंडर असे नंबरवारीने ओळीत झिजत नाहीत, बॅटरी मात्र अशीच उतरते.

होजचा मुद्दा जरा खोलात सांगतो कारण डिझेलमधे तो फार महागात पडतो. पिस्टन वर आल्यावर हवेसाठी उरलेली जागा या इंजिनमधे मुळात फक्त ६०.५ सीसी, जाड गॅस्केटमुळे त्यात ४.३ सीसीची भर, म्हणजे ६५ च्या आत. आता ६ मिमी आतला व्यास आणि ४० सेंमी लांबीचा होज धरा, त्यात ११ सीसीपेक्षा जास्त हवा मावते. चेक व्हॉल्व्ह गेजच्या टोकाला असेल तर तो सगळा होज प्रत्येक फेरीला सिलिंडरचाच भाग बनतो, पिस्टन वर गेला की भरतो, खाली आला की रिकामा होतो, आणि तुम्ही प्रत्यक्षात १६ रेशोचं इंजिन नाही तर जवळपास १४ रेशोचं इंजिन मोजत असता. चेक व्हॉल्व्ह सिलिंडरच्या तोंडाशी असेल तर होज दोन-चार फेऱ्यांत भरून तसाच राहतो आणि खरा पीक दिसतो. पेट्रोल इंजिनमधे ही जागा मोठी असते त्यामुळे तिथे एवढा फरक पडत नाही, म्हणून पेट्रोलवर वर्षानुवर्षं चाललेला सेट डिझेलवर लावला की सगळंच इंजिन मेल्यासारखं दिसतं.

मग या इंजिनचा आकडा किती यायला हवा? पुस्तकातला आकडा इथे लागू नाही. मॉडिफाय केलेल्या इंजिनवर लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, स्टॉकचा स्पेक उघडायचा, आपला आकडा त्याखाली दिसला की घाबरायचं. जाड गॅस्केटने रेशो १७.२ वरून १६.१ वर आणला. कॅममुळे इनटेक व्हॉल्व्ह साधारण १० डिग्री उशिरा बंद होतोय, आणि जोपर्यंत व्हॉल्व्ह बंद होत नाही तोपर्यंत पिस्टन वर येताना हवा दाबली जात नाही, उलट मॅनिफोल्डमधे परत ढकलली जाते. इंजिन पळत असताना टर्बो आणि हवेचा वेग हे भरून काढतात, सेल्फवर फिरताना काहीच भरून काढत नाही. प्रेशर हे रेशोच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, दाबताना हवा तापते म्हणून थोडं जास्त चढतं, सेल्फच्या स्पीडला उष्णता आणि गळती धरून रेशोचा घातांक १.२ च्या आसपास घेतला की हिशोब वास्तवाच्या जवळ येतो. त्या हिशोबाने हेच इंजिन स्टॉक असताना चांगल्या गेजवर ४१५ च्या आसपास दाखवेल आणि आजच्या अवस्थेत ३६५ च्या आसपास. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना ५० पीएसआय कमी.

उंचीचंही असंच आहे. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबच साधारण सहाव्या हिश्श्याने कमी असतो, तिथे ३७० देणारं निरोगी इंजिन ३१० च्या जवळपास दाखवेल. दुसऱ्या ठिकाणच्या कोणाच्या गाडीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघणं म्हणूनच निरर्थक.

तर मी पुन्हा मोजलं. दोन्ही बॅटऱ्यांना चार्जर, इंजिन गरम, हवेचा मार्ग मोकळा, इंजेक्शनचं वायरिंग बंद, सहाही इंजेक्टर बाहेर, ॲडॅप्टरच्या टोकाला चेक व्हॉल्व्ह, खाली नवीन कॉपर वॉशर. गेज डिझेलचा, ० ते १००० पीएसआयचा. जुन्या वॉशरवर ॲडॅप्टर बसवला तर कडेने हवा जाते आणि त्या एका सिलिंडरचा आकडा खोटा कमी येतो, त्यामुळे यात कंजूषी नको. स्कॅनरवर सेल्फचा आरपीएम बघत होतो, सहाही सिलिंडरला तो जवळजवळ सारखा राहिला, आणि काटा थांबेपर्यंत प्रत्येकाला सारख्याच फेऱ्या दिल्या.

३७२, ३६८, ३७५, ३१२, ३७०, ३६५.

पाच सिलिंडर हिशोबातल्या आकड्यावर येऊन बसले, आपसातला फरक १० पीएसआय, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. हे पाच सिलिंडर उत्तम आहेत. "सगळ्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी" हा निकालाचा अर्धा भाग इथेच संपला. राहिला चार नंबर, तो बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा सोळा टक्के खाली, आणि हे खरं आहे, गेज बदलला, बॅटरीला चार्जर लावला, तरी तो खालीच. डिझेलमधे सिलिंडर-सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की कारण शोधायलाच लागतं, सोळा म्हणजे नक्कीच.

अजून एक गोष्ट आकड्यापेक्षा जास्त बोलकी होती. काटा कसा चढतो ते. रिंगा गळत असतील तर पहिला धक्का खूप लहान येतो आणि मग काटा रडतखडत वर सरकत राहतो, व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिलाही लहान आणि पुढेही फारसा चढत नाही. चार नंबरचा काटा शेजारच्या तीन नंबरसारखाच चढला, तसाच पहिला मोठा धक्का, तेवढ्याच फेऱ्यांत स्थिर, फक्त थांबला खालच्या आकड्यावर. गळणारा सिलिंडर असा चढत नाही.

लीक-डाऊन केलं, म्हणजे सिलिंडरमधे बाहेरून हवा सोडून किती टक्के गळते ते बघितलं. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागी), दोन्ही व्हॉल्व्ह बंद, क्रँक लॉक केलेला, कारण एवढ्या मोठ्या बोअरवर ७ बार हवा सोडली आणि पिस्टन टीडीसीवरून जरा जरी हललेला असेल तर क्रँक झटक्यात फिरतो आणि हात किंवा पाना मधे असेल तर इजा होते. चार नंबरची गळती ९ टक्के, बाकीचे ८ ते १२. म्हणजे जो सिलिंडर कॉम्प्रेशनमधे सगळ्यात वाईट तो हवा धरण्यात सगळ्यात चांगल्यांपैकी एक. ऑइलच्या झाकणातून थोडी हिस्स, जी सगळ्यांनाच असते, इनटेकमधून काही नाही, सायलेन्सरमधून काही नाही, रेडिएटरमधे बुडबुडे नाहीत. (लीक-डाऊनची टक्केवारी टेस्टरच्या आतल्या छिद्रावर अवलंबून असते त्यामुळे एका टेस्टरचे ९ दुसऱ्याचे १५ असू शकतात, एकाच टेस्टरवर सिलिंडर आपसात ताडून बघायचे, बाकी कशाशी नाही.)

इथे मालकाने रास्त प्रश्न विचारला. आधीच्या वर्कशॉपने चार नंबरमधे ऑइल घालून परत टेस्ट केली होती आणि आकडा २३० वरून २९० झाला होता, म्हणजे रिंगाच ना? पेट्रोलच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, ऑइल घातल्यावर कॉम्प्रेशन वाढलं तर रिंगा. डिझेलमधे मी या टेस्टवर विश्वास ठेवत नाही आणि का ते या आकड्यांतच दिसतं. ऑइल कॅनचे दोन-तीन दाब म्हणजे १५ सीसी धरू. वर उरलेली जागाच मुळात एवढीशी, त्यात १५ सीसी ऑइल जाऊन बसलं की तेवढी जागा भरली, रेशो वाढला, प्रेशर वाढलं, रिंगांचा संबंधच नाही. त्यांच्याच होजसकट हिशोब केला तर फक्त जागा भरल्यामुळे २३० चे साधारण २९० व्हायला पाहिजेत, आणि तेवढेच झाले होते. तेच १५ सीसी ऑइल एक नंबरमधे घातलं असतं तर तो २७५ वरून ३५० च्या पुढे गेला असता आणि मग त्याच्याही रिंगा गेल्या म्हणायची वेळ आली असती. शिवाय पिस्टनच्या डोक्यावर खोल वाटी असते, ऑइल त्या वाटीत साचतं, रिंगांपर्यंत कडेने नीट पोहोचतही नाही. आणि जास्त घातलं तर पिस्टन द्रवावर आपटायची भीती वेगळी.

मग आता कोडं असं की हवा गळत नाही तरी प्रेशर कमी. याला दोनच वाटा उरतात. एकतर हवा आत कमी येते, किंवा आलेली हवा कमी दाबली जाते.

हवा कमी येण्याचं कारण कॅमचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजणं, पुशरॉड वाकणं, टॅपेट सेटिंग बिघडणं. लीक-डाऊनला यातलं काहीच दिसत नाही, कारण ती टेस्ट व्हॉल्व्ह बंद असताना होते, व्हॉल्व्ह किती उघडतो हे ती विचारतच नाही. मॉडिफाय इंजिनमधे ही शंका मोठी असते कारण कॅम बाहेरचा, स्प्रिंगा कडक, लोबवर भार जास्त. म्हणून व्हॉल्व्हवर डायल गेज लावून तीन आणि चार नंबरची इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीची लिफ्ट मोजली. सारखी. टॅपेट गॅपही बरोबर. ही वाट बंद.

राहिली दुसरी, हवा कमी दाबली जाणं, म्हणजे वरची जागा या एका सिलिंडरमधे मोठी झालेली असणं. गॅस्केट एकच, हेड एकच, तर मग पिस्टनच पूर्ण वर येत नाहीये. पिस्टन वितळून डोकं खाल्लं गेलं असेल तरी जागा वाढते, पण इंजेक्टरच्या भोकातून कॅमेरा घालून बघितलं तर वाटी शाबूत होती, काठ शाबूत होते. मग कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा.

आणि हे इंजिन न उघडता मोजता येतं, हे या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम, त्यासाठी जेमतेम एक सरळ दांडा आणि डायल गेज लागतो. या इंजिनात इंजेक्टर सिलिंडरच्या मधोमध उभा बसतो, त्याच्या भोकातून दांडा खाली सोडला की तो पिस्टनच्या वाटीच्या मधल्या उंचवट्यावर टेकतो. वर डायल गेज, हेडच्या एकाच पृष्ठभागावर टेकवलेला, आणि हाताने क्रँक हळूहळू टीडीसीवरून फिरवायचा. काटा वर जातो, थांबतो, परत फिरतो, जिथे फिरतो ती त्या पिस्टनची सर्वोच्च जागा. सहाही सिलिंडरला तोच दांडा, तोच टेकू, तोच पृष्ठभाग. आतला कार्बन आधी साफ करायचा, नाहीतर दांडा त्यावर टेकून उंची जास्त दाखवतो. एक नंबर शून्य धरला तर बाकी चौघे पाच-सात शतांश मिमीच्या आत होते. चार नंबर १.२ मिमी खाली.

आता परत हिशोबाकडे या. १०२ मिमीच्या बोअरवर १.२ मिमी म्हणजे ९.८ सीसी. ६४.८ ची जागा ७४.६ झाली, रेशो १६.१ वरून १४.१ वर, आणि त्याच घातांकाने ३७० चे ३१२ ते ३१५ व्हायला हवेत. गेजने ३१२ दाखवला होता. हेडचा एकही बोल्ट सैल न करता गेज आणि डायल दोघांनी एकच गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते अशी दोन वेगळ्या मार्गांनी एकच गोष्ट पटल्याशिवाय हेड उतरवूच नये.

थंडीत त्रास आणि गरम झाल्यावर ठीक, हेही आता जुळतं. डिझेल पेटतं ते दाबून तापलेल्या हवेमुळे. चार नंबरमधे थंडीत शेवटचं तापमान जेमतेम, फ्युएल नीट न पेटता पांढरा धूर होऊन बाहेर, भिंती तापल्या की तोच सिलिंडर बऱ्यापैकी पेटायला लागतो, आणि बूस्ट (टर्बोचा दाब) आला की फरक जवळजवळ झाकला जातो. म्हणूनच मालकाला ओढ कमी वाटत नव्हती. आणि म्हणूनच अशी गाडी बिनधास्त चालवली जाते, हे जास्त धोक्याचं.

हेड आणि चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवला. चार नंबरचा रॉड बाहेर काढल्यावर डोळ्याने दिसत होता, मधोमध धनुष्यासारखा. लोकांना वाटतं १.२ मिमी म्हणजे कितीसं वाकलं असेल, पण १९२ मिमीचा रॉड १.२ मिमीने आखूड व्हायला मधला भाग ९ मिमीच्या आसपास बाहेर यावा लागतो. लांबी थोडी घटते तेव्हा वाक बराच झालेला असतो. बिग एंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंग शेलवर एका कडेला घासल्याचा चमकता पट्टा, पिस्टनच्या स्कर्टवर तिरपी खूण, आणि पिस्टन खालीही १.२ मिमी जास्त उतरत असल्याने ऑइल जेटच्या (पिस्टनवर खालून ऑइल उडवणाऱ्या नळीच्या) टोकाजवळ हलका स्पर्श झालेला. बोअरमधले होनिंगचे आडवे-तिडवे चरे स्पष्ट होते, रिंग गॅप मापात. म्हणजे ज्या रिंगांसाठी इंजिन बोअर करायला निघाले होते त्या रिंगा चांगल्या होत्या, आणि नवीन रिंगा आणि ओव्हरसाईज पिस्टन टाकून तोच रॉड परत बसवला असता तर कॉम्प्रेशन पुन्हा तेवढंच कमी आलं असतं.

रॉड का वाकला? मॉडिफाय इंजिनमधे याची दोन मुख्य कारणं. एक म्हणजे कमी आरपीएमला जास्त फ्युएल आणि जास्त ॲडव्हान्स, पिस्टन अजून वर येतोय आणि खालून रॉड ढकलतोय तेव्हाच वरून स्फोटाचा पूर्ण दाब, वर टॉप गिअरमधे चढणीला दामटलेली गाडी. दुसरं म्हणजे सिलिंडरमधे द्रव साचणं, फ्युएल, पाणी किंवा कूलंट, जे दाबलं जात नाही, आणि बाकीचे सिलिंडर पेटून क्रँकला जोर देतात तेव्हा मधे सापडतो तो रॉड. नुसत्या सेल्फच्या जोराने इंजिन बहुतेकदा फक्त अडकतं, दुसरा सिलिंडर पेटला की मात्र वाकतं.

पहिलं कारण असतं तर बाकीच्या रॉडवरही थोडा परिणाम अपेक्षित होता, कारण ट्यून सगळ्यांना सारखाच. बाकी पाच रॉड जिगवर सरळ निघाले. आणि चार नंबरचा इंजेक्टर एकट्याचाच बदललेला होता. मालकाला विचारलं तो का बदलला, तर म्हणाला गाडी एकदा चालू होताना जोरात ठोकायला लागली, भरपूर पांढरा धूर, बंद केली, मग इंजेक्टर बदलला आणि ठोकणं गेलं. कॉमन रेलमधे कचऱ्याच्या कणाने इंजेक्टर उघडाच अडकला तर रेलचं सगळं प्रेशर त्या एका सिलिंडरमधे रिकामं होतं, वाटी भरायला फार वेळ लागत नाही. माझं वजन या कारणावर आहे. ट्यूनने त्यात भर घातली नसेल असं मी म्हणणार नाही, पण एकच रॉड, तोच सिलिंडर, तोच इंजेक्टर, आणि त्यानंतरच सुरू झालेला थंडीचा त्रास, हे सगळं एकाच प्रसंगाकडे बोट दाखवतं. इंजेक्टर बदलला त्याच दिवशी भोक उघडंच होतं, तेव्हा दांडा घालून पिस्टनची उंची मोजली असती तर बिग एंडचा शेल आणि ऑइल जेट या दोन्हींवर खुणा पडायच्या आधी हे सापडलं असतं. उघडा अडकलेला इंजेक्टर बदलताना हे मोजमाप करायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्तीत एकच रॉड बदलायचा की सहा, यावर चर्चा झाली. एक बदलायचा तर वजन बाकीच्यांशी जुळवावं लागतं, आणि बनवतानाच कॅप तडकवून वेगळी केलेल्या प्रकारच्या रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला कधीच बसवायची नसते. ट्यून तसाच ठेवायचा होता म्हणून मालकाने सहाही मजबूत फोर्ज्ड रॉड घेतले, वजनाने जुळवलेले, नवीन बोल्ट, सगळे बेअरिंग शेल नवीन. पिस्टन चार नंबरचा पिनचं भोक तपासून बदलला, स्कर्टच्या खुणेमुळे तो परत वापरावासा वाटला नाही. क्रँकचं चार नंबरचं जर्नल मोजलं, मापात होतं. गॅस्केट परत तेवढ्याच जाडीचं, ऑइल जेट नवीन. फ्युएल फिल्टर आणि रेलपर्यंतची लाइन साफ केली, कारण ज्या कचऱ्याने एक इंजेक्टर अडकवला तो दुसऱ्यालाही अडकवू शकतो.

ट्यूनमधे १८०० आरपीएमच्या खाली फ्युएल आणि ॲडव्हान्स दोन्ही उतरवले, बूस्ट चढेल तसं फ्युएल वाढेल अशी मर्यादा घातली. यात मालकाची थोडी नाराजी होती, खालची ओढ कमी झाली म्हणून, पण नवीन रॉड घेतले म्हणून खालून दामटायची परवानगी मिळते असं नाही, रॉड टिकला तर तोच भार पुढे बेअरिंग आणि हेड गॅस्केटवर जातो.

इंजिन थोडं चालवून रिंगा बसल्यावर पुन्हा त्याच गेजने, त्याच पद्धतीने मोजलं: ३७४, ३७०, ३७६, ३७१, ३७२, ३६८. चार नंबरचं फ्युएल करेक्शन बाकीच्यांच्या ओळीत आलं, सकाळचा धूर बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही, कारण रेशो अजूनही १६.१ आणि कॅम तोच, थंडीत हे इंजिन स्टॉकसारखं चालू होणार नाही, हे मालकाला स्पष्ट सांगितलं. हे सहा आकडे, सोबत सेल्फचा आरपीएम, बॅटरीचा व्होल्ट, ऑइलचं तापमान, ठिकाणाची उंची आणि गेजचा प्रकार असं एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं. पुढच्या वेळी कोणी हे इंजिन तपासेल तेव्हा त्याने पुस्तकातला स्पेक न उघडता हा कागद उघडायचा आहे.